मुलांचा मेंदू, मुलींचा मेंदू आणि दहावीनंतरचा फॉर्म

प्रति,
गोव्यातल्या हायस्कुलांचे मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघ,

सप्रेम नमस्कार.

आधी मागणी सांगते, मग कारणं. दहावीच्या मुलांना शाळेच्या हॉलमध्ये बसवून करिअर गायडन्स म्हणून "मुलांचा मेंदू असा चालतो आणि मुलींचा तसा" असं जे सांगितलं जातं ते तुमच्या शाळेत होऊ देऊ नका, आणि आधीच झालं असेल तर पुढच्या पीटीए मीटिंगला उभं राहून पालकांना स्पष्ट सांगा की त्याच्यावरून कुणीही अकरावीची स्ट्रीम ठरवायची नाही.

मी डिचोलीत राहते, आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते, मुख्यतः गणित, आणि पॉलिटेक्निक किंवा आयटीआयला गेलेली माझी जुनी पोरं अडली की त्यांचं ड्रॉइंग पण बघते. गेल्या वर्षी इकडच्याच एका शाळेत असं एक भाषण झालं, शाळेचं नाव घेत नाही कारण एकाच शाळेची ही गोष्ट नाही. संध्याकाळी मुलं शिकवणीला आली तर एका मुलीच्या वहीत दोन मेंदू काढलेले, एकात डावीकडे लाल पेनने एक ठिपका, दुसऱ्यात दोन्हीकडे ठिपके, खाली लिहिलेलं 'मुलगे: नकाशा, मशीन, थ्रीडी' आणि 'मुली: भाषा, भावना, संवाद'. ही मुलगी आठवीपासून सिव्हिल डिप्लोमा करायचा म्हणत होती. त्या दिवशी म्हणाली, बाई, मुलींना डोक्यात थ्रीडी फिरवता येत नाही म्हणे, स्कॅनमध्ये दिसतं, मग मी कॉमर्सच घेते. स्कॅनमध्ये दिसतं, हे चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला सांगितलं की ती कुणाशी वाद घालणार? आईवडिलांशी घालेल, सरांशी घालेल, पण मशीनशी नाही घालत.

म्हणून मी त्या स्कॅनबद्दलच लिहिणार आहे, जरा सविस्तर, कंटाळू नका.

ते दोन मेंदूंचं चित्र मूळ १९९५ चं, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या शेविट्झ पतीपत्नीच्या टीमचं, 'नेचर'मध्ये छापून आलेलं. १९ पुरुष आणि १९ बायका, एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्यांना अर्थ नसलेल्या शब्दांच्या जोड्या दाखवल्या आणि यमक जुळतं का विचारलं. पुरुषांमध्ये मेंदूच्या डाव्या अर्ध्यातला कपाळामागचा खालचा भाग जास्त कामाला लागलेला दिसला, आणि बायकांपैकी ११ जणींमध्ये दोन्ही बाजूंचा. १९ पैकी ११. उरलेल्या आठ जणींचं काय, हे स्लाईडवर कधीच नसतं, आणि यमक ओळखण्यात दोघेही सारखेच होते हेही नसतं. म्हणजे काम सारखंच झालं, मेंदूतली वाट कदाचित थोडी वेगळी असेल, एवढंच तो अभ्यास सांगत होता, त्यातून 'मुलींनी आर्ट्सला जावं' कुठून आलं?

आणि विज्ञान १९९५ ला थांबलं नाही. १९९९ मध्ये फ्रॉस्ट, बाइंडर वगैरे संशोधकांनी ५० पुरुष आणि ५० बायका घेऊन भाषेचंच काम दिलं तर दोघांमध्येही भाषा ठळकपणे डावीकडेच सापडली, फरक सापडला नाही. २००४ मध्ये नेदरलँड्सच्या आयरिस सोमर यांनी तोपर्यंतचे १४ अभ्यास एकत्र केले, ३७७ पुरुष आणि ४४२ बायका, आणि निष्कर्ष काढला की भाषा एका बाजूला की दोन्ही बाजूंना या बाबतीत पुरुष-बायकांत ठोस फरक दिसत नाही, २००८ मध्ये आणखी अभ्यास घालून परत बघितलं तरी तेच. छोट्या गटात कधी हा फरक दिसतो, कधी तो दिसतो, गट मोठा केला की बऱ्याचदा विरघळून जातो. पण छपाईला फरक सापडलेलाच अभ्यास जातो आणि भाषणालाही तोच जातो, जिथे काहीच फरक नाही सापडला त्याची स्लाईड कोण बनवणार.

फरक कुठेच नसतो असं मी म्हणत नाही, ते पण खोटंच होईल. २००८ मध्ये बर्मन आणि बूथ यांच्या टीमने ९ ते १५ वयाची ३१ मुलं आणि ३१ मुली घेतल्या, वाचून आणि ऐकून स्पेलिंग आणि यमक ओळखायला लावले, तर मुलींमध्ये भाषेचे भाग जास्त कामाला लागलेले दिसले आणि मुलांमध्ये शब्द वाचायचा असेल तर बघण्याचा भाग, ऐकायचा असेल तर ऐकण्याचा भाग, यांच्यावर जास्त भार दिसला. महत्त्वाचा अभ्यास आहे. पण हे वय वाढीचं आहे, हा फरक मोठेपणी टिकतो की नाही हे त्या अभ्यासाने दाखवलेलं नाही, आणि समजा टिकला, तर शिक्षकाने काय करायचं? शब्द वाचूनही द्यायचा आणि ऐकवायचाही. सगळ्यांनाच. त्यासाठी मुलं एकीकडे आणि मुली एकीकडे बसवायची गरज नाही.

आता तो रंगाचा ठिपका म्हणजे नक्की काय, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही आणि मला वाटतं सगळ्यात आधी हेच सांगायला हवं. एफएमआरआय, म्हणजे हेच काम करणाऱ्या मेंदूचं स्कॅन, विचार बघत नाही. मेंदूचा एखादा भाग काम करायला लागला की तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं, ते यायलाच काही सेकंद लागतात, मशीन त्या रक्तातला बारीकसा बदल मोजतं, मग हजारो छोट्या छोट्या चौकोनांची गणितं करून कुठे रंग द्यायचा ते ठरतं. रंग दिला नाही म्हणजे तो भाग बंद होता असं नाही, फक्त ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला नाही एवढंच. ही मर्यादा नीट नाही ठेवली तर काय होतं ते क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, त्यांनी चक्क एक मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला, माणसांचे फोटो दाखवले, या माणसाला काय वाटत असेल असा प्रश्नही विचारला, आणि गणितातली दुरुस्ती न करता बघितलं तर माशाच्या मेंदूत रंगाचे ठिपके आले. दुरुस्ती केली, ठिपके गेले. गोव्यात माशाचं उदाहरण कुणाला समजावून सांगायला लागत नाही, म्हणून मी हेच शिकवणीत सांगते आणि मुलांना ते कायम लक्षात राहतं.

आता थ्रीडीचा मुद्दा, कारण खरं दुखणं तिथे आहे.

डोक्यात वस्तू फिरवून बघणं, याचा पहिला गाजलेला प्रयोग १९७१ चा, शेपर्ड आणि मेट्झलर यांचा. ठोकळे जोडून केलेल्या वाकड्यातिकड्या आकृत्यांच्या जोड्या दाखवायच्या, एकच वस्तू फिरवलेली आहे की वेगळी आहे ते सांगायचं. कोन जितका जास्त तितका वेळ जास्त लागला, अगदी सरळ रेषेत, म्हणजे माणूस खरंच मनातल्या मनात ती वस्तू वळवतो. किती सुंदर प्रयोग आहे हा, मला तर आजही सांगताना अंगावर काटा येतो. पुढे याच प्रकारच्या चाचण्यांमध्ये पुरुषांची सरासरी बायकांपेक्षा जास्त येते असं दिसलं, आणि हे खरं आहे, मानसशास्त्रात सापडलेल्या फरकांपैकी हा त्यातल्या त्यात मोठा. १९९५ मध्ये व्होयर यांनी सगळे अभ्यास एकत्र करून जो आकडा काढला तो त्यांच्या मापात ०.५६. म्हणजे काय? कुठलाही एक पुरुष आणि कुठलीही एक बाई उचलली तर साधारण शंभरातल्या ६५ वेळा पुरुष पुढे असेल आणि ३५ वेळा बाई. दर तीन जोड्यांत एकदा तरी बाई पुढे. आता समोर बसलेल्या मुलीला नुसतं मुलगी म्हणून सांगून टाकायचं की तुला जमणार नाही? ती त्या ३५ मधली असेल तर?

शिवाय हा आकडा दगडावर कोरलेला नाही. वेळेचं बंधन कडक ठेवलं की फरक वाढतो, सैल केलं की कमी होतो. २००७ मध्ये टोरांटो विद्यापीठात ज्या मुलामुलींना ॲक्शन व्हिडिओ गेमची सवय नव्हती त्यांना फक्त १० तास तसा गेम खेळायला दिला, मुलींची प्रगती जास्त झाली आणि फरक बराच घटला. २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र करून बघितलं गेलं, त्यात सरावाने ही क्षमता वाढते आणि वाढलेली टिकते, हे दिसलं.

आणि हे सगळं परदेशातलंच नाही. आपल्या मेघालयात आणि आसपासच्या भागात खासी आणि कार्बी असे दोन समाज शेजारी शेजारी राहतात, खासींमध्ये घरदार धाकट्या मुलीकडे जातं, कार्बींमध्ये मुलाकडे. २०११ मध्ये मोशे हॉफमन, उरी ग्नीझी आणि जॉन लिस्ट यांनी तिथल्या आठ गावांतल्या जवळपास १,३०० माणसांना चार तुकड्यांचं एक कोडं जुळवायला दिलं. कार्बी गावांत पुरुषांनी बायकांपेक्षा बऱ्याच लवकर जुळवलं, खासी गावांत फरकच नाही. दोन्ही समाज एकाच प्रदेशातले, शेतीवर जगणारे, राहणीमान मिळतंजुळतं. वेगळं काय, तर बाईचं घरातलं स्थान आणि मुलींचं शिक्षण. त्या हॉलमध्ये ही स्लाईड लावली असती तर ती पोरगी घरी काय सांगत गेली असती याचा विचार करा.

माझ्या शिकवणीत मी अंगाला लावायच्या साबणाच्या वड्या वापरते. स्वस्त असतात, सुरीने कापता येतात, चार ठोकळे टूथपिकने एल किंवा झेड आकारात जोडले की झालं. वस्तू टेबलावर ठेवायची, समोरून काय दिसतं काढ, वरून काय दिसतं काढ, बाजूने काढ, मग वस्तू झाकून विचारायचं की उजवीकडे एक वळण दिलं तर आता समोरून काय दिसेल. पहिल्या आठवड्यात सगळेच मान वाकडी करतात, मुलगेसुद्धा, हवेत बोट फिरवतात, कागदच फिरवून बघतात. मग हळूहळू मान सरळ होते, बोट थांबतं, नुसते डोळे वर जातात आणि उत्तर येतं. ज्या मुलांनी लहानपणी ठोकळे, सायकलचे पार्ट, क्रिकेटचा थ्रो हे सगळं केलेलं असतं ती सुरुवातीला पुढे असतात. महिन्या-दोन महिन्यांत कोण मुलगा कोण मुलगी हे वही बघून सांगता येत नाही, मी पैजेवर सांगते.

आणि रांगोळी थ्रीडी नसेल, पण आपल्या घरातल्या बायकांना आकृती डोक्यात धरता येत नाही असं तर कुणी म्हणूच नये. तुळशीच्या लग्नाला अंगणात रांगोळी काढणारी बाई बघा, १५ ते ८ ठिपके, म्हणजे मधल्या ओळीत १५ आणि कडेला ८ पर्यंत उतरत जाणारे, कागद नाही, मोबाईल नाही, एका कोपऱ्यातून सुरुवात करते आणि सहाही पाकळ्या बरोब्बर जागेवर येऊन मिळतात. ती पूर्ण आकृती तिच्या मनात आहे, तिने फक्त कधी त्याला जॉमेट्री म्हटलं नाही आणि आपण पण नाही.

मनात चित्र दिसणं हा विषय तर आणखी वेगळाच आहे. १८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना विचारलं होतं की आज सकाळचं नाश्त्याचं टेबल डोळ्यासमोर आणा, काय दिसतं, किती स्पष्ट. कुणाला अगदी रंगासकट दिसलं, कुणाला काहीच नाही. ज्यांना काहीच दिसत नाही त्यांच्या अवस्थेला ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये अफँटेशिया नाव दिलं, शंभरात साधारण एक ते चार माणसांमध्ये ती कमी-जास्त आढळते, बायकांमध्येही आणि पुरुषांमध्येही. आता ऐका, पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक एड कॅटमल, थ्रीडी कॉम्प्युटर ग्राफिक्सची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक, त्यांनी स्वतः जाहीर सांगितलंय की त्यांना मनात चित्र दिसत नाही. मनात चित्र न दिसणारा माणूस जगाला थ्रीडी पिक्चर देतो, आणि आपण इकडे डिचोलीत बसून ठिपके बघून पोरींना सांगतो तुमच्याच्याने होणार नाही. माणसामाणसात जो फरक आहे तो पुरुष आणि बाई या दोन सरासरींमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे, हीच गोष्ट आपल्या मुलांपर्यंत पोचत नाही.

एक अभ्यास मुद्दाम सांगते कारण त्यात पहिलं नाव मराठी आहे आणि म्हणून तो आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. मधुरा इंगळहळीकर आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ८ ते २२ वयाच्या ९४९ जणांच्या मेंदूतल्या जोडण्या मोजल्या, २०१४ चा पेपर. मुलग्यांमध्ये एकाच अर्ध्यातल्या आतल्या जोडण्या सरासरीने जास्त, मुलींमध्ये दोन अर्ध्यांच्या मधल्या जास्त. काम मोठं आहे, त्याचा अभिमान असावाच. पण पेपर आल्यावर जगभरच्या बातम्यांत 'पुरुष नकाशा वाचतात, बायका मन वाचतात' असं काय काय आलं, आणि त्या अभ्यासात रस्त्याचा नकाशा कुणाच्याच हातात दिला नव्हता. पुरुषांचा मेंदू सरासरीने साधारण ११ टक्के मोठा असतो, आणि मेंदू मोठा असला की बाई असो पुरुष असो, आतल्या आतल्या जोडण्या तुलनेने जास्त असतात, हे लीझ एलियट यांनी २०२१ मध्ये तीस वर्षांचं संशोधन चाळून मांडलं. अगदी २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने एआयला स्कॅन दाखवून पुरुष की बाई हे ९० टक्क्यांपेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखायला लावलं, हे पण खरं. पण मेंदूवरून पुरुष-बाई ओळखता येणं एक आणि कोणाला इंजिनिअरिंग जमेल हे ओळखता येणं दुसरं, पहिल्यावरून दुसरं निघत नाही.

भाषेच्या बाजूनेही तसंच आहे. १९८८ मध्ये जॅनेट हाइड आणि मार्शिया लिन यांनी १६५ अभ्यास एकत्र केले, मुलींची आघाडी वरच्या ०.५६ च्याच मापात निघाली ०.११, म्हणजे शंभर जोड्यांत जेमतेम ५३ वेळा मुलगी पुढे. बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात आणि पुरुष ७,००० हा आकडा भाषणात हमखास येतो आणि हॉलमध्ये हशा पिकतो, पण २००७ मध्ये ३९६ विद्यार्थ्यांना रेकॉर्डर लावून खरंच मोजलं तेव्हा दोघेही १६,००० च्या आसपास निघाले.

मला मुलग्यांचंही तेवढंच वाईट वाटतं. माझ्याकडे एक मुलगा येतो, वक्तृत्वात पहिला, मराठी निबंध वाचताना मी थांबून थांबून वाचते एवढा चांगला लिहितो, त्याच्या बाबांनी त्या भाषणानंतर ठरवून टाकलं की हे काही मुलग्याचं नैसर्गिक क्षेत्र नाही, सायन्सच. गोव्यात हे कसं काय कुणी बोलू शकतं? जत्रेला, कालोत्सवाला आपल्या देवळांसमोर रात्र रात्र मराठी नाटकं होतात, दिवसभर दुकान नाहीतर ऑफिस सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारे पुरुष पानंच्या पानं संवाद आणि पदं पाठ करून उभे राहतात. भजनाच्या बैठकीत अभंगामागून अभंग तोंडपाठ म्हणणारे आजोबा कोण आहेत? गोव्यातल्या पुरुषांना भाषेचा मेंदू नाही असं त्यांच्यासमोर जाऊन सांगा.

बरं, स्कॅनवरच थांबत नाही. बोटांचे ठसे घेऊन डीएमआयटी नावाने मेंदूचा रिपोर्ट देणारेही शाळांच्या दारात येतात, पैसे पालकांकडून. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१९ मध्येच सांगितलंय की याला शास्त्रीय आधार नाही. हॉल देताना एवढं तरी बघा.

तर तुमच्याकडून मला काय हवं आहे. वक्ता बोलवायचा असेल तर त्याच्या स्लाईड आधी मागवा आणि विज्ञानाच्या शिक्षकांना बघायला द्या, त्यांनी विचारावं की हा अभ्यास किती जणांवर, कुठल्या साली, आणि नंतर कुणाला तेच सापडलं का, उत्तर नसेल तर ती स्लाईड काढायची. सहावी ते आठवीला आता कोडिंग-रोबोटिक्स शिकवतात, तिथे ग्रुप पाडताना मुलगे किट जोडणार आणि मुली रिपोर्ट लिहिणार असं होतं ते थांबवा, उलट करायला लावा. आठवीपासून सगळ्यांना ठोकळे, घडीचे कागद, समोरून-वरून-बाजूने बघून चित्र काढणं, आठवड्याला एक तास पुरे. आणि वक्तृत्व, नाटक, निबंधाला मुलग्यांची नावं मागून घ्या, ती आपणहून देत नाहीत.

ती मुलगी, तिचा फॉर्म भरायचा अजून बाकी आहे. तिच्या आईशी मी दोनदा बोलले, आई म्हणते शाळेने सांगितलं तर ऐकेन. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिलं. शाळेने सांगा.

साबणाच्या वड्या घेऊन तुमच्या शाळेत यायला मी तयार आहे, शनिवारी, फी नको. एक टेबल आणि तीसेक मुलं-मुली एकत्र बसवा.

आपली,
शिकवण्या घेणारी एक बाई
डिचोली, गोवा